न बघता मारलेला एंटर

“माझ्याच हातानं झालंय ते. फक्त कसं झालं, तेवढं शोधून द्या.”

दारातल्या बाईनं नाव सांगितलं नाही की बसू का म्हणून विचारलं नाही, एकदम हेच म्हटलं. तिशीची असेल. केस विंचरलेले नव्हते आणि दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.

ठोंब्याच्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन तिथेच थांबला. ठोंब्या हे त्याचं खरं नाव नव्हे, पण मावशीनं तो चार वर्षांचा असताना ठेवलं आणि आता बेचाळिशी उलटली तरी ते सुटायचं नाव घेत नव्हतं. मावशीनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षं काळ्या स्क्रीनवरच्या हिरव्या अक्षरांसमोर काढली होती. निवृत्त झाल्यावर बायका पापड लाटतात, हिनं खासगी तपासाचा धंदा काढला. गाडी चालवणं, टिपणं घेणं आणि शिव्या खाणं, ही तीन कामं भाच्याकडे होती.

“आधी बस,” मावशी म्हणाली. “रडायचं असेल तर रडून घे, मग सांग. दोन्ही एकदम केलंस तर या ठोंब्याला काही लिहिता येणार नाही.”

बाई बसली. रडली मात्र नाही, आणि ठोंब्याला तेच जास्त भीतीदायक वाटलं.

“मी आवाजपेढीत काम करते. घशाचं ऑपरेशन होऊन ज्यांचा आवाज कायमचा जाणार असतो, ते आधी आमच्याकडे येतात. सहा दिवस बसून सोळाशे वाक्यं बोलतात. आम्ही ती रेकॉर्ड करून ठेवतो. मग त्यावरून यंत्र तयार होतं. माणसानं टाइप केलं की यंत्र त्याच्याच आवाजात बोलतं. तिथली सगळी मशिनं मी सांभाळते. चावी म्हणतात मला, सगळ्या पासवर्डांची मालकीण म्हणून.”

“पुढे?”

“अडतीस जणांचे आवाज होते. काल, गुरुवारी, चार वाजून बारा मिनिटांनी सगळे पुसले गेले. बॅकअपसकट. तेव्हा खोलीत मी एकटी होते, दार आतून बंद होतं आणि कीबोर्डवर माझेच हात होते.” ती थांबली. “अडतिसांत एक माझे बाबा आहेत. काल सकाळीच त्यांचं ऑपरेशन झालं.”

ठोंब्यानं कप खाली ठेवला. 

“म्हणजे त्यांचा आवाज…” तो म्हणाला.

“घशातूनही गेला आणि डिस्कवरूनही. एकाच दिवशी.” चावीनं मावशीकडे पाहिलं. “आज पाच वाजता आमचे पेढीचे डॉक्टर अडतीस घरांना पत्र पाठवणार आहेत. चूक माझी, असं त्यात लिहिलंय आणि मी सही करून दिलीय. सहा वाजता दवाखान्यात भेटायची वेळ आहे. बाबांना सांगायचंय मला. पण काय झालं तेच माहीत नसेल तर सांगू काय?”

मावशीनं चष्मा पुसला. “दिवसभर ऑफिस आणि सकाळी बापाचं ऑपरेशन. काल कामावर गेलीसच कशाला?”

“दर गुरुवारी चारला बॅकअप असतो. तो मी कधी चुकवत नाही. बॅकअपची डिस्क आठवडाभर कपाटात कुलपात असते. गुरुवारी जोडते, नवे आवाज उतरवून घेते, काढून ठेवते. त्यासाठी ॲडमिन खात्यात शिरावं लागतं. एरवी मी तिथे पाऊल ठेवत नाही, रोजचं काम साध्या खात्यात करते. साध्या खात्यात चुकलं तर आपलं काहीतरी जातं. ॲडमिनला मशिन ‘नक्की ना?’ असंसुद्धा विचारत नाही, सांगाल ते करून मोकळं होतं.”

“म्हणजे मूळ आणि नक्कल, दोन्ही एकदम हाताशी असतात ती आठवड्यातून तेवढीच पंधरा मिनिटं.”

“हो. म्हणूनच तर मीच असणार.”

तिनं पर्समधून एक कागद काढला. काल ॲडमिन खात्यात काय काय टाइप झालं त्याची मशिननं ठेवलेली नोंद होती. चारच ओळी. डिस्क जोडली. आवाजांची यादी स्क्रीनवर दाखवली. रीसेट. फोल्डर दाखव.

“आणि फोल्डर रिकामं होतं,” चावी म्हणाली.

“पुसण्याची कमांड कुठाय यात?”

“तीच नाही ना! डॉक्टर म्हणतात, घाबरून मी ती ओळ काढून टाकली असणार. मी काढली नाही. पण पुसलेलं तर आहे. आणि मी काल तीन रात्रींची जागी होते. माझाच माझ्यावर भरवसा राहिलेला नाही.”

“हे रीसेट कशासाठी?”

“ते काही नाही. यादी दाखवली आणि स्क्रीन बिघडली. अक्षरांच्या जागी काड्या, कोपरे, चौकटी. टर्मिनल म्हणजे जिथे कमांड टाइप करतो ती खिडकी, तिच्यात एखादं नको ते चिन्ह शिरलं की होतं तसं. मग आपण टाइप केलेलंही वाचता येत नाही. न बघता रीसेट लिहायचं, एंटर मारायचं, स्क्रीन ताळ्यावर येते. मंगळवारी साध्या खात्यात पण झालं होतं, रीसेट मारलं, झालं ठीक.”

“डॉक्टरांना हे सांगितलंस?”

“शिंक आली होती, हे सांगतं का कुणी? तुम्ही विचारलंत म्हणून बोलले. दुसऱ्या कुणाला नाही.”

“आणि सगळं गेल्याचं कळल्यावर काय केलंस?”

“मशिन बंद केलं. आवाजांची डिस्क आणि बॅकअपची डिस्क, दोन्ही उपटून कपाटात ठेवल्या. तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही.”

“शाबास!” मावशी उठली. “पुसलेल्या फाइली लगेच मरत नाहीत. त्यांच्या जागेवर दुसरं काही लिहिलं, तर मरतात. ठोंब्या, गाडी काढ. आधी कपाटातल्या त्या दोन डिस्का घेऊन माझ्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे टाकायच्या. आणि पोरी, त्या चपला बदल. माझ्या घे.”

*

डिस्का दुरुस्तीवाल्याकडे पोचवून तिघं आवाजपेढीत परतली. इमारत दुमजली होती. आत शिरल्या शिरल्या काउंटर आणि काउंटरमागे स्वागताच्या बाई. डोळे सुजलेले, समोर रुमालांचा ढीग.

“कालपासून फोन उचलायची हिंमत होत नाही हो,” त्या म्हणाल्या. “काय सांगू लोकांना? एक बाई तर सोमवारीच भांडत होत्या. नवऱ्याचं यंत्र बोलतच नाही म्हणे. तो बसचालक होता, दोन महिन्यांपूर्वी इथे येऊन बोलून गेला होता. मला वाटलं, आता हिला काय कळवायचं, की उरलंसुरलंही गेलं?”

“सोमवारी त्यांना कोण बोललं?”

“मी फोन कानसेनांना जोडून दिला. आमचे रेकॉर्डिंगवाले. यंत्राच्या जोडणीत चूक असेल, शुक्रवारी बघतो म्हणाले.”

“शुक्रवारी, म्हणजे आज. काल चार वाजता तुम्ही कुठे होतात?”

“इथेच. वर जायचा जिना हा एकच. चावीखेरीज त्या खोलीकडे चिटपाखरू फिरकलं नाही, देवाशपथ सांगते. वाईट वाटतं, पण खोटं कसं बोलू?”

ठोंब्यानं लिहून घेतलं आणि मनातल्या मनात चावीचा निकाल लावून टाकला. पोरगी दमलेली होती, बोट घसरलं. सरळ गोष्ट आहे, पण मावशीला सरळ गोष्ट कधी गोड लागली आहे?

डॉक्टर आपल्या खोलीत पत्रांच्या पाकिटांवर पत्ते चिकटवत होते. पेढी त्यांनीच उभारली होती. पन्नाशीचा माणूस एका दिवसात साठीचा दिसत होता.

“तपास कशाला हवाय?” ते म्हणाले. “तिनं कबूल केलंय. मी तिला चोर म्हणत नाही. चूक झाली. पण त्या लोकांना कुणीतरी उत्तर द्यायला हवं की नको?”

“ॲडमिन खात्याचा पासवर्ड आणखी कुणाकडे आहे?”

“कुणाकडेच नाही. अडीअडचणीला म्हणून एका बंद पाकिटात माझ्या खणात असतो. पाकिटाच्या झाकणावर चावी आडवी सही करते, म्हणजे कुणी उघडलं तर कळावं.” त्यांनी खण उघडून पाकीट दाखवलं. “हे बघा, बंद आहे.”

मावशीनं पाकीट उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं आणि ठोंब्याकडे दिलं. ठोंब्यानंही पाहिलं. पाकीट बंदच होतं. सहीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याच्या जरासा डावीकडे होता, पण सही होती.

“काल चार वाजता?” मावशीनं विचारलं.

“शेजारच्या इमारतीत बैठकीत होतो. अकरा माणसं साक्षीला आहेत.” डॉक्टरांनी पाकीट घाईघाईनं खणात टाकलं.

रेकॉर्डिंगची खोली तळमजल्याच्या टोकाला होती. मधोमध जाड काच, पलीकडे माइक आणि खुर्ची, अलीकडे बटणांचं टेबल. कानसेन गळ्यात हेडफोन अडकवून बसले होते. सगळे त्यांना कानसेनच म्हणत, कारण भिंतीपलीकडे टाचणी पडली तरी त्यांना ऐकू येते अशी ख्याती होती.

“काल चार वाजता मी काचेपलीकडे एकांना माइकसमोर बसवत होतो,” ते म्हणाले. “बाहेर लाल दिवा होता. स्वागतकक्षातून दिसतो तो.”

“काम नीटनेटकं दिसतंय तुमचं.”

कानसेन खुलले. “बघा ना.” त्यांनी टर्मिनल उघडलं, दोन अक्षरं टाइप केली, आणि आठवड्याचं सगळं रेकॉर्डिंग तारखेनुसार झरझर समोर आलं. “असे माझे चाळीस शॉर्टकट आहेत. दोन अक्षरांत दहा ओळींचं काम. सगळे मीच लिहिलेत.”

“वा! आणि माणूस बोलताना तुम्ही ऐकता कसं?”

“माइकमधून थेट हेडफोनमध्ये. शब्द न् शब्द.”

“रेकॉर्ड झालेलं परत लावून ऐकता?”

“सोळाशे वाक्यं परत ऐकायला दुसरा जन्म लागेल, ताई.” ते हसले आणि मग गंभीर झाले. “चावीचं फार वाईट वाटतं. गुणी मुलगी. पण स्क्रीनवर सगळ्या काड्या-काटक्या झालेल्या असताना ॲडमिन खात्यात न बघता टाइप करायचं? बोट घसरलं की संपलंच. सवय वाईट असते.”

“खरं आहे,” मावशी म्हणाली. तिनं एवढंच म्हटलं, पण बाहेर पडताना ठोंब्याच्या दंडाला असा चिमटा काढला की त्याच्या तोंडून ‘आई गं’ निघालं.

“काय झालं?”

“ऐकलंस ना?”

“ऐकलं की. बोट घसरलं असणार. मी मघापासून तेच म्हणतोय.”

“ठोंब्या, तू म्हणजे अगदी ठोंब्याच आहेस,” मावशी म्हणाली आणि जिना चढू लागली.

*

वरच्या खोलीत एक मशिन, एक खुर्ची आणि एक लोखंडी कपाट होतं. स्क्रीनच्या कडेला चावीच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘स्क्रीन बिघडली? घाबरू नका. न बघता रीसेट टाइप करा आणि एंटर मारा.’ अशी चिठ्ठी इमारतीतल्या प्रत्येक मशिनवर होती.

“तू ज्या यादीनं स्क्रीन बिघडली म्हणतेस, ती कोण लिहितं?” मावशीनं विचारलं.

“कानसेन. दर गुरुवारी दुपारी ताजी करून ठेवतात. मी ती बघून बॅकअप घेते.”

“ॲडमिन खात्यात कोण कधी शिरलं, ते दाखव.”

चावीनं टर्मिनल उघडून पासवर्ड टाइप केला. स्क्रीनवर एक ठिपकासुद्धा उमटला नाही, हे बघून ठोंब्याला कीबोर्ड मेला की काय असं वाटलं. “पासवर्ड दिसत नाहीच इथे,” चावी म्हणाली. मग नोंदी आल्या. गुरुवार, गुरुवार, गुरुवार… मध्ये एक सोमवार, दुपारी दोन चाळीस.

“सोमवारी तू कुठे होतीस?”

“दिवसभर दवाखान्यात. बाबांच्या तपासण्या होत्या.” चावीनं स्क्रीनकडे पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. “हे मी बघितलंच नाही. मीच केलं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं…”

“आता या खात्यातल्या फाइली दाखव. तारखांसकट.”

सगळ्या फाइली सहा वर्षं जुन्या होत्या. फक्त एक कालची निघाली, वेळ चार बारा.

“ही कसली?”

“खातं उघडताना मशिन ही फाइल आधी वाचतं. शॉर्टकट वगैरे लिहायचे तर यात लिहितात. मी काहीच लिहिलेलं नाही. आत बघा, होती तशीच आहे.”

“होती तशीच आहे, तर काल चार बाराला बदललं काय?”

मावशीनं कपाटातली वही उचलली. दर गुरुवारी बॅकअपची डिस्क किती भरली, ते चावी त्यात टक्क्यांमध्ये लिहीत असे. एकसष्ट. त्रेसष्ट. सहासष्ट. अडुसष्ट. एकाहत्तर. पुढे दहा आठवडे एकाहत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर.

“दहा आठवड्यांत कुणीच आलं नाही?”

“नऊ जण आले. बाबा त्यातलेच. मी विचारलं होतं कानसेनांना. नवीन पद्धतीत फाइली घट्ट घडी करून ठेवल्या जातात, जागा वाचते म्हणाले.”

मावशी खुर्चीत बसली. तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. तपासाच्या धंद्यात वेड्यावाकड्या भानगडी पाहिलेल्या त्या बाईच्या चेहऱ्याचा रंग उडालेला ठोंब्याला पहिल्यांदा दिसला.

“मावशी, पाणी आणू?”

“नको. दुरुस्तीवाल्याला फोन लाव. त्याला म्हणावं, फाइली नुसत्या मोजू नको. उघडून ऐक.”

*

साडेचारला सगळे वरच्या खोलीत जमले. डॉक्टर, स्वागताच्या बाई, कानसेन, आणि भिंतीला टेकून चावी. पत्रांचा गठ्ठा डॉक्टरांच्या हातात होता.

“ते पत्र पाठवू नका,” मावशीनं सुरुवात केली. “चावीनं काल पुसण्याची कमांड दिलीच नाही. तिनं ती ओळ नोंदीतून काढली नाही, कारण ती ओळ कधी टाइपच झाली नव्हती. तिनं टाइप केलं फक्त रीसेट.”

“रीसेटनं स्क्रीन साफ होते,” डॉक्टर म्हणाले. “फाइली नाही.”

“खऱ्या रीसेटनं. ठोंब्या, बस इथे.”

ठोंब्या बिचकतच बसला. एक रिकामं मशिन जोडलेलं होतं. त्यावर मावशीच्या सांगण्यावरून चावीनं ‘चाचणी’ नावाचं फोल्डर केलं होतं, त्यात वीस फाइली होत्या. स्क्रीनवर काड्या आणि चौकटी माजल्या होत्या.

“काय करशील?”

“चिठ्ठीत लिहिलंय तसं. रीसेट.” त्यानं एकेक अक्षर शोधून टाइप केलं आणि एंटर मारला. स्क्रीन लख्ख झाली. ठोंब्याला भलताच आनंद झाला.

“आता फोल्डर उघड.”

फोल्डर रिकामं होतं. ठोंब्यानं कीबोर्डवरून हात असे मागे घेतले की खुर्चीच कलंडली.

“मी काही नाही केलं!” तो ओरडला.

“काल या पोरीनं हेच म्हणायला हवं होतं,” मावशी म्हणाली. “या मशिनवर सापळा मीच लावून घेतला होता. शॉर्टकटला कुठलंही नाव देता येतं, आधीपासून असलेल्या कमांडचंसुद्धा. रीसेट नावाचा शॉर्टकट ॲडमिन खात्यात कुणीतरी लिहून ठेवला. तो आधी दोन्ही डिस्का पुसतो, मग स्वतःला फाइलीतून खोडतो, आणि शेवटी खरंच स्क्रीन साफ करतो. म्हणून ती फाइल होती तशीच दिसते, पण तिची वेळ मात्र चार बारा. मंगळवारी साध्या खात्यात रीसेट मारून काही झालं नाही, कारण सापळा फक्त ॲडमिन खात्यात होता. चावी तिथे आठवड्यातून एकदाच जाते. तिथे तिची स्क्रीन बिघडवायची सोय यादीत करून ठेवली होती. शेवटच्या ओळीत एक न दिसणारं चिन्ह आहे, आम्ही ते शोधून काढलंय.”

“पण पासवर्ड…” डॉक्टर म्हणाले.

“पाकिटावरची सही जुळत नाही, डॉक्टर. उघडून परत चिकटवताना झाकण सरकलं. सोमवारी दोन चाळीसला चावी दवाखान्यात होती आणि कुणीतरी ॲडमिन खात्यात होतं. कुणाला दिलंत?”

डॉक्टरांनी पत्रांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. “कानसेन म्हणाले, रेकॉर्डिंगचं नवीन सॉफ्टवेअर टाकायचंय, चावी रजेवर आहे, दहा मिनिटांचं काम आहे. नियम माझाच होता. मोडला. मग सांगायची लाज वाटली.”

“लाजेपायी दुसऱ्याच्या मुलीची सही घेतलीत?” स्वागताच्या बाई एकदम म्हणाल्या. डॉक्टरांनी मान खाली घातली.

“हा काय प्रकार आहे?” कानसेन उभे राहिले. “सॉफ्टवेअर टाकलं मी, बस्स. शॉर्टकट काय, जगात कुणीही लिहितं!”

“लिहितं की. पण चावीची स्क्रीन बिघडली होती, हे तिनं माझ्याखेरीज कुणालाही सांगितलेलं नव्हतं. दार बंद होतं. तुम्ही खाली काचेमागे होतात. मग सकाळी मला काड्या-काटक्या कुठून सांगितल्यात? तुमचे कान तेज आहेत हे ऐकलंय, पण डोळे भिंतीपलीकडचं बघतात हे नव्हतं ऐकलं.”

कानसेनांचं तोंड उघडं राहिलं.

“पण का?” चावीनं विचारलं. दिवसभरात पहिल्यांदा तिचा आवाज चढला होता. “मी तुमचं काय वाकडं केलं होतं?”

मावशी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. “तुझ्यावर राग नव्हता पोरी. तुझे हात सोयीचे होते. पुढचं ऐकायला बसलीस तर बरं.”

चावी बसली नाही.

“दुरुस्तीवाल्याचा फोन आला. अडतीसच्या अडतीस जणांच्या फाइली परत मिळाल्यात. एकोणतीस जणांची दोन-दोन वाक्यं त्यानं ऐकली, स्वच्छ आहेत. नऊ जणांच्या फाइलींमध्ये काहीच नाही. बिघडलेल्या नाहीत, पुसलेल्या नाहीत. शांतता आहे. शांततेची घडी घातली की ती जागाच घेत नाही, म्हणून डिस्क दहा आठवडे एकाहत्तरवर अडून बसली होती. माइकची तार चुकीच्या जागी लागली होती. हेडफोनमध्ये आवाज थेट येत होता, म्हणून यांना ऐकू येत होतं, आणि मशिनमध्ये काहीच जात नव्हतं. परत लावून ऐकायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.”

“बाबा…” चावी म्हणाली.

“हो. तुझे बाबा त्या नवांत आहेत. त्यांचा आवाज तिथे कधी नव्हताच.”

ठोंब्याला वाटलं, ही आता कोसळणार. तो दोन पावलं पुढे झाला. पण चावी कानसेनांकडे बघत होती आणि मनात काहीतरी मोजत होती.

“बसचालकाच्या बायकोचा फोन सोमवारी आला,” ती हळूहळू म्हणाली. “म्हणजे तुम्हाला सोमवारी कळलं.”

कानसेन एक पाऊल मागे सरकले.

“ऑपरेशन गुरुवारी होतं. सोमवारी बाबा बोलत होते. मंगळवारी बोलत होते. तुम्ही एक फोन केला असता. सोळाशे नसती झाली, पण दोनशे वाक्यं तरी झाली असती दोन दिवसांत. ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकललं असतं.”

“मी घाबरलो होतो,” कानसेन म्हणाले. “नऊ जण होते गं. सात जणांची तर ऑपरेशनं होऊन गेली होती, तोंड कसं दाखवणार होतो? सगळ्यांचंच गेलं असतं तर नवांचं कुणी विचारलं नसतं…”

“बुधवारी ते आले होते,” स्वागताच्या बाई म्हणाल्या. “चावीचे बाबा. तुमचे आभार मानायला आले होते हो! त्या बाकावर बसून दहा मिनिटं तुमच्याशी गप्पा मारत होते. आणि तुम्ही हसत होतात!”

कानसेनांनी दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. ठोंब्याचं पित्त खवळलं. आयुष्यात कुणावर हात न उगारलेल्या ठोंब्याच्या मुठी वळल्या, आणि मावशीनं त्याचं मनगट धरलं नसतं तर त्यानं काय केलं असतं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“डॉक्टर,” मावशी म्हणाली, “पोलिसांना मी कळवलंय. तुम्ही दुसरा एक फोन करा, आत्ता. कानसेनांनी मोजून सांगितलंय. बसचालकासकट सात जणांची ऑपरेशनं आधीच होऊन गेली होती, काल चावीचे बाबा आठवे झाले.”

“नववे?” डॉक्टरांनी विचारलं. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. “काल चारला ज्यांना माइकसमोर बसवत होते ते! त्यांचं ऑपरेशन सोमवारी आहे!”

“मग तार नीट लावा आणि त्यांना बोलवा. आणि ते बोलले की परत लावून ऐका.”

डॉक्टर जिन्याकडे धावले. मावशी चावीकडे वळली. “तुझंही एक चुकलं, ते सांगते. ॲडमिन खात्यात न बघता एक अक्षरही टाइप करायचं नाही. स्क्रीन बिघडली तर ती खिडकी बंद करायची आणि नवी उघडायची. ही चूक आहे, गुन्हा नाही. दोहोंत फरक असतो, तेवढा लक्षात ठेव.”

चावीनं स्क्रीनच्या कडेची चिठ्ठी काढली आणि फाडली. “सहा वाजत आले,” ती म्हणाली.

*

दवाखान्यात ठोंब्या तिच्यासोबत गेला. तो दारातच थांबणार होता, पण चावीनं त्याची बाही सोडली नाही.

म्हातारा उशीला टेकून बसला होता. गळ्याला पट्टी, मांडीवर वही आणि पेन. मुलीला बघून त्याचे डोळे हसले.

चावीनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. पत्र, सही, तार, सोमवार, बुधवार. तिचा आवाज दोनदा गेला आणि दोनदा परत आला.

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, चेहरा लालबुंद झाला, आणि आवाज आला नाही. माणूस ओरडतोय आणि काहीच ऐकू येत नाहीये, हे ठोंब्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

मग म्हाताऱ्यानं वही ओढली. मोठमोठ्या अक्षरांत लिहिलं.

‘तुझ्या हातून नाही ना गेला?’

चावीनं मान हलवली. नाही.

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, जणू खात्री करून घेत होता. मग खाली लिहिलं, ‘मग गेला तर गेला.’

चावी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. काल सकाळपासून ती रडली नव्हती, ते सगळं एकदम आलं. म्हातारा तिच्या केसांवरून हात फिरवत होता. त्याचे ओठ हलत होते, आणि ती लहान असताना तो तिला जे काही म्हणत असेल, तेच म्हणत असणार.

ठोंब्यानं बाही सोडवून घेतली आणि बाहेर येऊन दार हळूच लोटलं.